कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटतो? आधी सेकंद मोजा, मग राउटरला हात लावा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या ऑफिसातून, इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनबद्दल येणारी तक्रार बहुतेक वेळा एकाच सुरात असते: "कॉल लागतोय, आवाज पण क्लिअर हाय, पण मधीच कट होतोय." समोरचा व्यापारी किती डझन पाहिजेत ते सांगत असतो, भाव ठरायच्या बेतात असतो आणि फोन बंद. पुन्हा लावला की पुन्हा तेच. मग राउटर बंद-चालू होतो, लॅनची वायर बदलली जाते, फायबरची पॉवर मोजली जाते, टेबलावरचा फोनही बदलून बघतात. दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी तक्रार परत हजर.

हे चक्र थांबवायचं तर तक्रार घेतानाच एक प्रश्न विचारायला हवा: फोन उचलल्यापासून किती सेकंदांनी तुटला? लाइन खराब असेल तर कॉल कधीही तुटतो, कधी सातव्या सेकंदाला, कधी चार मिनिटांनी. ठरावीक सेकंदाला तुटणारा कॉल मात्र कुठल्या तरी टायमरने तोडलेला असतो. टायमर म्हणजे सिग्नलिंग (कॉल जोडण्या-तोडण्याचे संदेश), आणि सिग्नलिंगचा दोष वायर बदलून जात नाही.

ग्राहकाला सेकंद नेमके सांगता येणार नाहीत, तेव्हा सीडीआर, म्हणजे झालेल्या कॉलच्या नोंदी, काढा. मागच्या ७ दिवसांचे, त्या एका ट्रंकचे (कॅरियर म्हणजे फोन कंपनीशी जोडणाऱ्या लाइनचे), फक्त उचलले गेलेले कॉल घ्या. येणारे आणि जाणारे वेगळे करा आणि बोलण्याच्या कालावधीनुसार लावा. एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम आहे. ३०, ३२, ९३२ किंवा १७६८ सेकंदांपाशी कॉलचा ढीग दिसला तर निम्मं निदान तिथेच झालं. असा ढीग नसेल, पण निरनिराळ्या लांबीचे कॉल घड्याळातल्या एकाच क्षणाला संपलेले दिसत असतील, तर लिंक पडून उठली आहे. तेव्हा ओएनटी (फायबरचा बॉक्स), यूपीएस, रस्त्यात चाललेलं खोदकाम याकडे बघा. पुढचं सगळं पहिल्या प्रकाराबद्दल आहे.

३२ सेकंद कुठून येतात

असे कॉल जोडणाऱ्या एसआयपी या पद्धतीचं मूळ प्रमाणक आरएफसी ३२६१ हे २००२ सालचं. त्यात टी-वन नावाचा पायाभूत टायमर ५०० मिलिसेकंदांचा आहे आणि "आता पुरे, समोरून काही येत नाही" असं ठरवण्याची मर्यादा त्याच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद.

कॉल जुळताना तीन पावलं पडतात. फोन लावणारा इन्व्हाइट पाठवतो, उचलणारा २०० ओके पाठवतो आणि लावणारा ॲक पाठवून ते मिळाल्याची पोच देतो. आवाज सुरू व्हायला या ॲकची वाट बघितली जात नाही. म्हणून ॲक वाटेत हरवला तरी दोघं मजेत बोलत असतात आणि तिकडे उचलणाऱ्या बाजूचं यंत्र पोच मिळाली नाही म्हणून २०० ओके पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. ट्रेसमध्ये, म्हणजे पकडलेल्या संदेशांच्या नोंदीत, ते असं दिसतं (पीबीएक्स म्हणजे ऑफिसातलं एक्स्चेंज, बाय म्हणजे कॉल तोडण्याचा संदेश):

११:०४:१०.००० पीबीएक्सकडून २०० ओके
११:०४:१०.५०० तोच २०० ओके पुन्हा
११:०४:११.५०० पुन्हा
११:०४:१३.५०० पुन्हा
११:०४:१७.५०० पुन्हा, आणि इथून पुढे दर ४ सेकंदांनी
११:०४:४१.५०० शेवटचा प्रयत्न
११:०४:४२.००० पीबीएक्सकडून बाय

अर्धा, एक, दोन, चार आणि मग चार-चार सेकंदांच्या अंतराने एकूण ११ वेळा गेलेला २०० ओके ही या आजाराची खूण. ती एकदा बघितली की पुन्हा चुकत नाही. ट्रेस काढायला एसएनग्रेप हे साधन पुरतं. आवाजही तपासायचा असेल तर टीसीपीडम्पने पॅकेट पकडून वायरशार्कमध्ये उघडा. फक्त एका ठिकाणचा ट्रेस घेऊन निष्कर्ष काढू नका. पीबीएक्सवर एक आणि राउटरच्या बाहेरच्या बाजूला किंवा कॅरियरच्या एसबीसीवर (त्याच्या जाळ्याच्या वेशीवरच्या यंत्रावर) एक, असे त्याच कॉलचे दोन ट्रेस लागतात. ॲक कुठून निघाला आणि कुठे पोचला नाही, हे त्याशिवाय कळत नाही.

बाय कोणी पाठवला हे दुसरं महत्त्वाचं. वाट बघून कंटाळतो तो नेहमी उचलणारा. म्हणजे फक्त येणारे कॉल ३२ सेकंदांना तुटत असतील तर ग्राहकाचा पीबीएक्स तोडतो आहे, कारण कॅरियरचा ॲक त्याच्यापर्यंत आलेला नाही. फक्त जाणारे तुटत असतील तर कॅरियरची बाजू तोडते आहे, कारण ग्राहकाचा ॲक तिकडे पोचलेला नाही. दोन्ही दिशांचे तुटत असतील तर मधल्या राउटरवर पहिला संशय घ्या.

इथे एक गफलत होते, तीही सांगायला हवी. कॉल ३२ ऐवजी नेमका ३० सेकंदांना तुटत असेल, आणि त्या ३० सेकंदांत एका बाजूला काहीच ऐकू येत नसेल, तर ॲकचा संबंध नाही. पीबीएक्स किंवा एसबीसीमधला आरटीपी (आवाजाच्या पॅकेटचा) टाइमआउट ३० वर ठेवलेला असतो आणि आवाजाची पॅकेट येत नाहीत म्हणून तो कॉल बंद करतो. दोन सेकंदांचा फरक, पण औषध वेगळं. तसंच ३२ सेकंद फोन उचलल्यापासून मोजायचे, डायल केल्यापासून नाही. डायल केल्यावर रिंगच गेली नाही आणि ३२ सेकंदांनी ४०८ (वेळ संपल्याचं उत्तर) आला, तर इन्व्हाइटलाच उत्तर मिळालेलं नाही. तो प्रकार पुढे येतो.

ॲक हरवतो कुठे

येणाऱ्या कॉलचं उदाहरण घेऊ. पीबीएक्सचा आतला पत्ता १९२.१६८.१.५०, बाहेरचा पत्ता १९८.५१.१००.२५ आणि कॅरियरचा एसबीसी २०३.०.११३.१० समजा. (बाहेरचे दोन्ही पत्ते उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटांतले आहेत.) पीबीएक्स २०० ओके पाठवताना कॉन्टॅक्ट हेडरमध्ये "पुढचं सगळं मला इथे पाठवा" असा पत्ता लिहितो. तिथे १९२.१६८.१.५० गेलं की कॅरियर प्रामाणिकपणे त्याच पत्त्यावर ॲक पाठवायला जातो, आणि तो पत्ता इंटरनेटवर पोचण्यासारखा नसतो. २०० ओके स्वतः मात्र व्हाया हेडरच्या (संदेश आला त्या वाटेच्या नोंदीच्या) आधाराने आणि आरपोर्टच्या मदतीने बरोबर परत जातो. म्हणून कॉल लागतो, बोलणं होतं आणि पुढची पायरी फसते.

ॲस्टेरिस्क या पीबीएक्स सॉफ्टवेअरवर पीजेएसआयपी हा एसआयपीचा भाग वापरत असाल तर ट्रान्सपोर्टच्या भागात एक्स्टर्नल सिग्नलिंग ॲड्रेस आणि एक्स्टर्नल मीडिया ॲड्रेस या दोन्ही ठिकाणी बाहेरचा पत्ता टाका. लोकल नेटमध्ये आतले सगळे सबनेट (पत्त्यांचे गट) लिहा. सगळे म्हणजे सगळे. कारखाना अक्कलकोट रोडला, दुसरं युनिट चिंचोली एमआयडीसीत आणि दोन्हींमध्ये व्हीपीएन असेल तर चिंचोलीचा सबनेटही त्यात हवा. नाही तर बाहेरचे कॉल सुधारतात आणि आतल्या आत चिंचोलीचा आवाज जातो. ही नवी तक्रार मग वेगळ्याच माणसाच्या नावावर लागते. ट्रान्सपोर्टमधला बदल साध्या रीलोडने लागू होत नाही. कामाचे तास संपल्यावर ॲस्टेरिस्क पूर्ण रीस्टार्ट करा. बदल केला पण फरक पडला नाही, अशा बऱ्याच केस इथेच अडकलेल्या असतात.

कॅरियरच्या बाजूला कामाइल्यो हा एसआयपी सर्व्हर असेल तर वेगळी चूक सापडते. नॅटमागच्या (आतले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे लपवणाऱ्या राउटरमागच्या) ग्राहकाचा कॉन्टॅक्ट दुरुस्त करण्याची तरतूद स्क्रिप्टमध्ये असते, पण ती फक्त रिक्वेस्टवर लावलेली असते. ग्राहकाला येणाऱ्या कॉलमध्ये त्याचा कॉन्टॅक्ट रिक्वेस्टमध्ये नसून उत्तरात, २०० ओकेमध्ये, येतो. ऑन-रिप्लाय रूटमध्येही सेट कॉन्टॅक्ट अलियास लावा, आणि डायलॉगच्या आतल्या रिक्वेस्टसाठी हँडल रुरी अलियास आहे का ते बघा. एसबीसीला दोन इंटरफेस असतील, एक आतल्या जाळ्याकडे आणि एक बाहेर, तर रेकॉर्ड-रूटमध्ये (पुढचे संदेश कोणत्या पत्त्यावरून जावेत ते सांगणाऱ्या हेडरमध्ये) कोणता पत्ता जातो ते ट्रेसमध्ये डोळ्यांनी वाचा. लिसनच्या ओळीत ॲडव्हर्टाइज लिहायचं राहिलं की १०. ने सुरू होणारा पत्ता बाहेर जातो आणि जाणाऱ्या कॉलचा ॲक तिकडेच भरकटतो.

"यूडीपी काढून टीसीपी लावा" म्हणजे संदेश पाठवण्याची पद्धत बदला, हा सल्ला या आजारावर नेहमी दिला जातो. कॉन्टॅक्ट चुकीचा असेल तर टीसीपीवरही ॲक चुकीच्याच पत्त्याकडे निघतो, आणि २०० ओके पुन्हा पाठवण्याचा नियम टीसीपीलाही लागू आहे. आधी पत्ता दुरुस्त करा.

एएलजी: मदतीला आलेला, घोटाळा करून गेलेला

राउटरमधला एसआयपी एएलजी पॅकेटच्या आत शिरून आतला पत्ता बाहेरच्या पत्त्याने बदलतो. हेतू चांगला, पण पीबीएक्सने बाहेरचा पत्ता आधीच बरोबर लिहिलेला असताना एएलजी त्यात पुन्हा हात घालतो. मग कॉन्टॅक्ट बदलतो आणि रूट तसाच राहतो, किंवा पोर्ट बदलतो आणि एसडीपीतला (आवाज कुठे पाठवायचा ते सांगणाऱ्या भागातला) आवाजाचा पोर्ट जुनाच राहतो. आमचं मत स्पष्ट आहे: पीबीएक्स किंवा एसबीसी स्वतः नॅट सांभाळू शकत असेल तर एएलजी बंदच ठेवा. दोघांनी मिळून सांभाळायची ही गोष्ट नाही.

मायक्रोटिकवर आयपी, मग फायरवॉल, मग सर्व्हिस पोर्ट्समध्ये जाऊन एसआयपी डिसेबल करा. साध्या लिनक्स राउटरवर एनएफ-नॅट-एसआयपी आणि एनएफ-कॉनट्रॅक-एसआयपी ही दोन मॉड्यूल काढा. घरगुती ओएनटीमध्ये हा पर्याय एनएटी, सिक्युरिटी किंवा ॲप्लिकेशन अशा कुठल्या तरी पानाखाली असतो. काही बॉक्समध्ये तो पानावर दिसतच नाही, आणि अशा वेळी ओएनटी ब्रिज मोडला टाकून मागे स्वतःचा राउटर लावणं हाच टिकाऊ उपाय.

बंद केल्यावर लगेच टेस्ट कॉल लावून "फरक नाही" म्हणू नका. पीबीएक्स दर अर्ध्या मिनिटाला ऑप्शन्स (समोरचा जिवंत आहे का विचारणारा छोटा संदेश) पाठवत असतो, त्यामुळे जुनी कनेक्शन-नोंद राउटरच्या टेबलात जिवंत राहते आणि जुन्याच पद्धतीने हाताळली जाते. ५०६० पोर्टच्या नोंदी कनेक्शन टेबलातून पुसा किंवा राउटर एकदा रीबूट करा. मगच टेस्ट.

आणि हे करताना घाईत ५०६० सगळ्या जगाला उघडा ठेवू नका. उघडा पोर्ट शोधणारे स्कॅनर चोवीस तास फिरत असतात, आणि कमजोर पासवर्डचं एखादं एक्स्टेंशन सापडलं की रात्रीत परदेशी कॉलचं बिल चढतं. फायरवॉलमध्ये फक्त कॅरियरचे सिग्नलिंगचे आणि मीडियाचे पत्ते सोडा. दोन्ही वेगळे असू शकतात. कॅरियरकडून लेखी यादी मागा.

पंधरा मिनिटांनी, अर्ध्या तासाने तुटणारे कॉल

३२ सेकंदांचा दोष निदान पहिल्याच दिवशी समोर येतो. हा दुसरा प्रकार महिनोन् महिने लपून राहतो, कारण बहुतेक कॉल इतके लांब नसतातच. तो सापडतो दवाखान्याच्या लांब सल्ल्यात, यार्डातल्या अडत्याच्या परगावच्या हिशेबाच्या कॉलमध्ये किंवा कॉन्फरन्समध्ये.

आरएफसी ४०२८ मध्ये सेशन टायमर आहे. समोरची बाजू मेली तर कॉल कायमचा उघडा राहू नये आणि बिल चढत राहू नये, म्हणून ठरावीक काळाने "आहेस ना?" असं विचारायचं. सेशन-एक्स्पायर्स सहसा १८०० सेकंद असतो आणि विचारणा अर्ध्या वेळेला, म्हणजे ९०० व्या सेकंदाला होते. ती री-इन्व्हाइट किंवा अपडेट या रूपात जाते.

आता नॅट बघा. आवाजाची पॅकेट सेकंदाला ५० जात असतात, त्यामुळे आवाजाची वाट उघडी राहते. सिग्नलिंग मात्र कॉल जुळल्यावर गप्प बसतं, आणि त्याची वाट वेगळी. लिनक्सवर यूडीपीची साधी नोंद ३० सेकंदांत पुसली जाते, दोन्हीकडून रहदारी झालेली नोंद काही मिनिटं टिकते. ९०० व्या सेकंदाला कॅरियरचा री-इन्व्हाइट येतो तेव्हा दार बंद असतं. कॅरियर ३२ सेकंद प्रयत्न करतो आणि ९३२ व्या सेकंदाला, म्हणजे १५ मिनिटं ३२ सेकंदांनी, बाय पाठवतो. तो बायसुद्धा त्याच बंद दारावर आपटतो. पीबीएक्सला कॉल संपल्याचं कळतच नाही, ग्राहक "हॅलो, हॅलो" करत राहतो आणि पीबीएक्सच्या सीडीआरमध्ये कालावधी कॅरियरपेक्षा जास्त पडतो. दोन्हीकडच्या सीडीआरमधला हा फरक या दोषाची पक्की खूण आहे. महिनाअखेरीच्या बिलाच्या वादातही तोच निघतो.

विचारणा करायची जबाबदारी पीबीएक्सकडे असेल आणि तो ती करतच नसेल, तर कॅरियर मुदत संपायच्या ३२ सेकंद आधी कॉल तोडतो. १८०० वजा ३२ म्हणजे १७६८ सेकंद, २९ मिनिटं २८ सेकंद. सीडीआरमध्ये नेमका हा आकडा आला की पीबीएक्सचा सेशन टायमर बंद आहे किंवा त्याचा री-इन्व्हाइट कॅरियर नाकारतो आहे, असं समजा.

उपाय तीन, आणि आमच्या पसंतीच्या क्रमाने. पहिला: पीबीएक्सकडून दर २५ ते ३० सेकंदांनी ऑप्शन्स पाठवा, ट्रंक ज्या पोर्टवरून चालते त्याच पोर्टवरून. दुसऱ्या पोर्टवरून पाठवलेला ऑप्शन्स हे दार उघडं ठेवत नाही. दुसरा: रिफ्रेशर (विचारणा करणारा) आतल्या बाजूला, म्हणजे पीबीएक्सकडे, ठेवा. आतून बाहेर जाणारी विचारणा दार स्वतःच उघडते. तिसरा: ग्राहकाकडे स्थिर सार्वजनिक पत्ता असेल तर कॅरियरच्या पत्त्यांपुरतं ५०६० चं पोर्ट फॉरवर्डिंग करा. सेशन टायमर बंद करून टाकणं हा चौथा मार्ग लोक वापरतात. तो आम्ही सुचवत नाही. त्याने मेलेले कॉल उघडे राहतात आणि चॅनेल अडकून बसतात.

रिफ्रेशला ४८१ उत्तर येत असेल तर मामला वेगळा. समोरच्याला असा कॉल माहीतच नाही. एसबीसीची जोडी असते तिथे मुख्यावरून राखीव यंत्रावर जाताना चालू कॉलची माहिती पुढे गेली नसेल तर असं होतं. ४२२ आला तर मागितलेला वेळ समोरच्याच्या किमान मर्यादेपेक्षा कमी आहे. मिन-एसई बघा. प्रमाणकाप्रमाणे तो ९० सेकंदांच्या खाली जाऊ शकत नाही.

एकाच बाजूला ऐकू येणं

इथे कॉन्टॅक्टच्या जागी एसडीपी वाचायचा. "सी=" ने सुरू होणाऱ्या ओळीत १९२.१६८, १०. किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी काही दिसलं तर समोरचा आवाज कुठे पाठवायचा ते चुकीचं सांगितलं आहे. तिथे १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर ग्राहक सीजीनॅटच्या (इंटरनेट कंपनीच्या सामायिक नॅटच्या) मागे आहे. २०१२ पासून हा गट त्यासाठीच राखलेला आहे. अशा जोडणीवर पोर्ट फॉरवर्डिंगचा काही उपयोग होत नाही, कारण खरा नॅट ग्राहकाच्या हातात नसतो. स्थिर पत्ता घ्या, नाहीतर कॅरियरच्या बाजूला सिमेट्रिक आरटीपी आणि मीडिया रिले लागेलच.

सिमेट्रिक आरटीपीत एक कोंडी होते. "पॅकेट जिथून येईल तिथेच परत पाठवीन" असं दोन्ही बाजूंनी ठरवलं तर पहिलं पॅकेट कोणीच पाठवत नाही आणि दोघांनाही शांतता ऐकू येते. सार्वजनिक पत्ता असलेल्या बाजूने वाट बघायची, नॅटमागच्याने सुरुवात करायची. नॅटमागचा फोन गप्प असताना पॅकेट थांबवत असेल तर त्याचं सायलेन्स सप्रेशन बंद करा.

पोर्टची रेंजही जुळवा. ॲस्टेरिस्कची नेहमीची रेंज १०००० ते २००००, आरटीपीइंजिन या मीडिया रिलेची ३०००० ते ४००००. फायरवॉलवर त्यातला अर्धाच भाग उघडा असला तर दर काही कॉलमागे एक मुका निघतो आणि तो कधी येईल याचा अंदाज लागत नाही. "कधी कधीच होतं" ही तक्रार ऐकली की आधी ही रेंज तपासा.

रिंगच जात नाही, ३२ सेकंदांनी ४०८

यात बऱ्याचदा इन्व्हाइटचं वजन आड येतं. पीबीएक्सने आठ-दहा कोडेक (आवाज बांधण्याच्या पद्धती) आणि भाराभर हेडर भरले की इन्व्हाइट १५०० बाइटांच्या पुढे जातो. पीपीपीओईवर (ब्रॉडबँडच्या लॉगिन-जोडणीवर) एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, १४९२. पॅकेटचे दोन तुकडे होतात, दुसरा तुकडा एखादा फायरवॉल गिळतो आणि कॅरियरला इन्व्हाइट मिळालाच नाही असं होतं. मूळ प्रमाणकच सांगतं की वाटेची क्षमता माहीत नसेल तर १३०० बाइटांवरची रिक्वेस्ट टीसीपीसारख्या ट्रान्सपोर्टवरून पाठवावी. कोडेकची यादी जी.७११ ए-लॉ, जी.७२९ आणि टेलिफोन-इव्हेंट एवढीच ठेवा. भारतातल्या ट्रंकवर ए-लॉच लागतो, म्यू-लॉ उगाच जागा खातो.

इन्व्हाइट पोचला पण ४०४ किंवा ४८४ (नंबर सापडला नाही किंवा अपुरा आहे) आला तर नंबर लिहिण्याची पद्धत तपासा. सोलापूरचा एसटीडी कोड ०२१७, म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीत ९१२१७ आणि पुढे स्थानिक सात अंक. लँडलाइनवरून मोबाइलला शून्य लावणं १५ जानेवारी २०२१ पासून आवश्यक आहे. ट्रंकवर मात्र कॅरियर शून्यासह मागतो की ९१ लावून, ते त्यालाच विचारा आणि डायल प्लॅन एकाच ठिकाणी जुळवा. प्रत्येक एक्स्टेंशनवर वेगळा नियम लिहिला की सहा महिन्यांनी कोणालाच काही कळत नाही.

आवाज फाटत असेल, कॉल तुटत नसेल

हा टायमरचा विषय नाही, म्हणून थोडक्यात. जी.७११ चा एक कॉल इथरनेटवर प्रत्येक दिशेला ८७.२ केबीपीएस घेतो. ३० कॉल म्हणजे साधारण २.६ एमबीपीएस. ५० एमबीपीएसच्या लाइनवर हे काहीच नाही आणि तरीही आवाज फाटतो, कारण सीसीटीव्हीचा डीव्हीआर क्लाउडवर फुटेज चढवायला लागला की अपलोडची रांग भरते. स्पीड टेस्ट इथे फसवते. एकेरी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत, जिटर (पॅकेटच्या वेळेतला चढउतार) ३० च्या आत आणि पॅकेट-लॉस १ टक्क्याच्या आत हवा. आरटीपीला डीएससीपी ४६ (प्राधान्याची खूण) लावा आणि राउटरवर अपलोडच्या दिशेने त्याला वेगळी प्राधान्य-रांग द्या. लाइनची वरची मर्यादा खऱ्या वेगाच्या ९० ते ९५ टक्क्यांवर बांधा, नाहीतर रांग तुमच्या राउटरमध्ये न लागता पुढच्या बॉक्समध्ये लागते आणि तुमच्या प्राधान्याला काही किंमत राहत नाही.

दुरुस्त केलेला दोष परत का येतो

सगळ्यात जास्त त्रास इथे होतो. वीज गेली, राउटर पुन्हा उठला, पीपीपीओई नव्याने जोडली गेली आणि सार्वजनिक पत्ता बदलला. पीबीएक्समध्ये जुना पत्ता हाताने लिहिलेला आहे. कॉन्टॅक्ट आणि एसडीपी दोन्ही जुन्या पत्त्याने जायला लागतात आणि ३२ सेकंदांचा दोष दुसऱ्याच दिवशी परत येतो. उन्हाळ्यात दुपारी वीज जा-ये करते तेव्हा या तक्रारी का वाढतात, याचं उत्तर बहुधा इतकंच असतं. ट्रंक असलेल्या ग्राहकाला स्थिर पत्ता द्यावाच, त्यात काटकसर नको. शिवाय ओएनटी, राउटर, स्विच आणि पीबीएक्स हे चारही एकाच यूपीएसवर हवेत. पीबीएक्सला बॅकअप आहे आणि ओएनटीला नाही, असं जागोजागी दिसतं.

दुसरं कारण, ओएनटी बदलली किंवा तिचं फर्मवेअर अपडेट झालं आणि एएलजी पुन्हा चालू झाला. अनेक बॉक्समध्ये तो मुळात चालूच येतो. बॉक्स बदलणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसतं, कारण त्याचं काम इंटरनेट चालू करून निघण्याचं. ट्रंकच्या ग्राहकाच्या बॉक्सवर चिकटपट्टी लावून "एसआयपी एएलजी बंद ठेवा" असं मराठीत लिहून ठेवा. त्याचा उपयोग होतो.

तिसरं, कॅरियरने नवा एसबीसी जोडला आणि त्याचा पत्ता ग्राहकाच्या फायरवॉलमध्ये नाही. तेव्हा काही कॉल नीट आणि काही बिघडलेले असं मिश्र चित्र दिसतं. ट्रेसमध्ये बिघडलेल्या कॉलचा उगम-पत्ता वेगळा निघाला की कारण हेच.

कॅरियरकडे तिकीट टाकताना "कॉल ड्रॉप होतो" एवढंच लिहिलं तर उत्तर "आमच्या बाजूने ओके" असंच येणार. तीन कॉलची माहिती द्या. प्रत्येकाचा कॉल-आयडी, दोन्ही नंबर, सुरू आणि संपल्याची वेळ सेकंदांसह, बाय कोणत्या बाजूने आला आणि रीझन हेडर असेल तर त्यातला क्यू.८५० कोड. १६ म्हणजे साधं ठेवणं, १०२ म्हणजे टायमर संपला. वेळ भारतीय प्रमाणवेळेत आहे हे लिहा. सर्व्हर यूटीसीवर असेल तर साडेपाच तासांचा फरक पडतो आणि समोरचा भलताच कॉल शोधत बसतो. दोन्हीकडची घड्याळं एनटीपीने जुळलेली हवीत, नाहीतर दोन ट्रेस शेजारी ठेवून वाचता येत नाहीत.

दुरुस्तीनंतर तपासणी अशी करा. मोबाइलवरून येणारे दोन आणि जाणारे दोन कॉल, प्रत्येक ४५ सेकंद चालू ठेवा. मग येणारा एक आणि जाणारा एक कॉल ३१ मिनिटं उघडा ठेवा. त्यात १५ आणि ३० मिनिटांचे दोन्ही टप्पे येतात. तो चालू असताना एकदा होल्डवर टाकून परत घ्या, कारण होल्डही री-इन्व्हाइटनेच होतो. शेवटी राउटरची वीज काढून दोन मिनिटांनी परत द्या, ट्रंक आपोआप नोंदली जाते का बघा आणि ४५ सेकंदांचा येणारा कॉल पुन्हा लावा. या शेवटच्या कॉलचा ट्रेस ग्राहकाच्या फाइलमध्ये तारीख टाकून ठेवा. पुढच्या वेळी तक्रार आली की चांगल्या कॉलचा कॉन्टॅक्ट कसा दिसत होता, ते शेजारी ठेवून बघता येतं.